तालमींच्या फुटबॉलवर माहितीपट काढायचाय, एफडी मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी, हातात येणारा पगार ६२ हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार २४ हजार. मुलगी पाच वर्षांची. घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ५८ हजार. एका सहकारी बँकेत ९ लाखांची एफडी, म्युच्युअल फंडात ६.४ लाख, पीपीएफमध्ये ३.८ लाख आणि घरात १२ तोळे सोनं. कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉलवर तासाभराचा माहितीपट करायचा आहे. त्यासाठी आठ महिने बिनपगारी रजा आणि १४ लाखांचं बजेट. एफडी मोडावी, फंड विकावेत आणि कमी पडलं तर सोनं तारण ठेवावं, हे बरोबर आहे का?

विषय फार मोलाचा आहे. पेठेची तालीम (मुळात कुस्तीचा आखाडा, आता पेठेचं मंडळही), तालमीचा संघ आणि शाहू स्टेडियमवर त्या संघामागे उभी राहणारी अख्खी गल्ली, हे दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही आणि त्यावर नीट काम व्हायलाच हवं. पण तुम्ही मांडलेल्या हिशेबात सगळ्यात मोठा खर्च लिहिलेलाच नाही. तो म्हणजे तुमचा पगार.

आठ महिन्यांचा बुडणारा पगार ४.९६ लाख. म्हणजे माहितीपटाची खरी किंमत १४ नव्हे, १९ लाखांच्या घरात जाते. रोख रकमेचं बघू. रजेच्या काळात घरात २४ हजार येणार आणि ५८ हजार जाणार. दरमहा ३४ हजारांची तूट, आठ महिन्यांची २.७२ लाख. त्यात १४ लाख मिळवले की १६.७२ लाख लागतात. एफडी आणि फंड मिळून तुमच्याकडे १५.४ लाख आहेत. तेव्हा सोनं ‘कमी पडलं तर’ लागणार नाही, या बेतात ते लागणारच आहे. शिवाय सोनेतारण कर्ज बहुतेक ठिकाणी वर्षभरात फेडायचं असतं आणि माहितीपटातून वर्षात पैसा येत नाही. दागिने पत्नीचे आहेत, हेही विसरू नका. सोन्याला हात लावू नका.

पीपीएफमधून सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते, पण तीही राहू द्या. फंड आज विकले आणि नफा २ लाख १० हजार असेल, तर वर्षभरापेक्षा जुन्या इक्विटी युनिट्सवर १.२५ लाखांपर्यंत कर नाही. उरलेल्या ८५ हजारांवर साडेबारा टक्क्यांनी, उपकर धरून, साधारण ११ हजार. कर किरकोळ आहे. तरीही विकू नका, कारण ते पैसे मुलीच्या शिक्षणाचे आहेत आणि पुन्हा साठायला तुम्हाला काही वर्षं लागतील.

एफडी मात्र मोडावी असंच आमचं मत आहे, आणि तेही माहितीपट केला नाही तरी. एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून फक्त ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण असतं. ९ लाख एकाच सहकारी बँकेत ठेवणं चूक आहे. ४.५ लाख तिथेच ठेवा, म्हणजे व्याजासकट मर्यादेत राहतील. सहा महिन्यांचा घरखर्च ३.४८ लाख होतो, तो यातून निघतो. उरलेले ४.५ लाख ही माहितीपटासाठी तुमच्या स्वतःच्या पैशांची कमाल मर्यादा. त्यापुढे एक रुपया नाही. पावती एकच असेल तर बँक बहुधा अर्धी मोडून देत नाही, पूर्ण मोडावी लागते. मुदतपूर्व मोडल्यास व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कपात होते. मुदत दोन-तीन महिन्यांवर असेल तर थांबा.

आता तुमचं बजेट. कॅमेरा ४ लाख, युनिट (चित्रीकरणाची माणसं) ३.५, एडिटिंग २, ड्रोन १.२, प्रवास-जेवण १, ध्वनी आणि कलर ०.८, इतर १.५. कॅमेरा विकत घेऊ नका. बॉडी आणि लेन्सचं भाडं दिवसाला ३ हजार धरलं तरी ४ लाखांत १३३ दिवस निघतात. तुम्हाला तीस दिवस लागतील, म्हणजे ९० हजार. विकत घ्यायचे ते कॉलर माइक आणि रेकॉर्डर, ३०-४० हजारांत. गॅलरीत ढोल-हलगी सुरू झाली की कॅमेऱ्याची ऑटो पातळी आवाज फाडून टाकते आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही. पातळी हाताने उणे १२ डेसिबलवर ठेवा आणि दुसरा ट्रॅक त्याहून खाली रेकॉर्ड करा.

ड्रोन गाळा. उजळाईवाडीचं विमानतळ जवळ आहे, परवानगीसाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा पाहावा लागतो, आणि भरलेल्या गॅलरीवरून ड्रोन नेणं धोक्याचंच. १.२ लाख वाचले.

मोठी गळती वेगळीच आहे. दोन कॅमेऱ्यांनी दिवसाचे दोन्ही सामने पूर्ण घेतले तर सहा तासांचं फुटेज होतं. १०० मेगाबिटच्या फोर-केला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे दिवसाला २७० जीबी. असे १२ दिवस आणि मुलाखतींचे ३६ तास मिळून जवळपास ५ टीबी; दोन प्रती म्हणजे १० टीबी. ड्राइव्हचा खर्च तुमच्या यादीत नाही. त्याहून जड पडतो एडिटरचा वेळ: १०८ तास नुसते बघायला, रोज सहा तास धरून, १८ दिवस. तुमच्या २ लाखांतले निम्मे पैसे तिथेच संपतील. म्हणून सामना पूर्ण चित्रित करू नका. सामन्यांचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या स्थानिक वाहिन्यांकडून हव्या त्या गोलांचं फुटेज लेखी परवान्याने विकत घ्या. तुमचे कॅमेरे प्रेक्षकांकडे, तालमीच्या कट्ट्यावर, किट धुणाऱ्या माणसाकडे वळवा. माहितीपट तिथेच आहे. लांब लेन्सचं भाडंही त्यामुळे वाचतं. स्पीकरवर वाजणारी चित्रपटगीतं फुटेजमध्ये अडकली तर हक्कांचा पेच होतो, तेवढं जपा.

रजेचं. आठ महिन्यांऐवजी वीस दिवसांची रजा पुरेल. हंगाम हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. शनिवार-रविवारचे सामने घ्या आणि साठवलेली रजा उपांत्य-अंतिम फेऱ्यांसाठी ठेवा. गॅलरीतल्या हुल्लडबाजीने सामने पुढे ढकलले जातात किंवा थांबतात, त्यामुळे तारखा धरून लांब रजा घेणारा अडकतो. बिनपगारी रजेत कंपनीचा आरोग्यविमा चालू राहतो का, हे एचआरकडून लेखी घ्या. पुष्कळांना हे दवाखान्यात गेल्यावर कळतं.

पहिल्या हंगामात १२ दिवसांचं चित्रीकरण आणि आठ मिनिटांचा नमुना, एवढंच करा: १.६ लाखांत. तो नमुना घेऊन बाहेरचा पैसा शोधा. माहितीपटांना पैसा शोधून देणारं कोलकात्याचं डॉकएज, मुंबईचा मिफ हा माहितीपट महोत्सव, केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव इथे माहितीपटवाल्यांची ये-जा असते. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी निधीच्या अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात अनिकेत जाधवचा उल्लेख करा. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला हा मुलगा कोल्हापूरचा. गावातले प्रायोजक मिळतील, पण सांभाळून. एका तालमीच्या जर्सीवर ज्यांचं नाव आहे त्यांचे पैसे घेतले की बाकीच्या तालमींची दारं बंद होतात. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस या साऱ्यांनी बोलायला हवं असेल तर कुणा एकाच्या माणसाचा पैसा नको. इथे बरेच चषक नेत्यांच्या नावाने भरतात, त्यांच्या देणग्यांनाही हाच नियम.

अठरा महिन्यांत किमान ३ लाख लेखी ठरले नाहीत, तर उरलेल्या २.९ लाखांत २५ मिनिटांचा माहितीपट पूर्ण करा. तासाभराचा हट्ट धरून कर्ज काढू नका. यूट्यूबचं उत्पन्न शून्य धरा. एक करमुद्दा: माहितीपटाला व्यवसाय दाखवून झालेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढची आठ वर्षं व्यवसायाच्याच नफ्याविरुद्ध वापरता येतो, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून सांभाळा.

पैसे हलवण्याआधी इथलं फुटबॉल चालवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडून मैदानाकडेला चित्रीकरणाची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. अठराखालच्या खेळाडूंसाठी पालकांची सही, परदेशी खेळाडूंसाठी इंग्रजीतलं संमतिपत्र. मारामारी झालीच तर दोन्ही बाजू तुमचं फुटेज मागतील. ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे संमतिपत्रातच लिहून ठेवा. ही परवानगी हातात येईपर्यंत एफडीची पावती बँकेत नेऊन आणखी एक चौकशी करून ठेवा: ती एकच आहे की तुकड्यांत, आणि मुदत कधी संपते.