चाळीस बटणं कशासाठी?

प्रश्न : मामेभावाकडे ‘स्टील बटॅलियन’ हा जुना गेम आहे. अवाढव्य यंत्रमानव चालवायचा, पण कंट्रोलरवर चाळीसेक बटणं! पाच मिनिटांत माझं यंत्र आडवं झालं. इतकं अवघड का केलंय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : त्या अवघडपणावरच माझा जीव आहे. कॅपकॉमने २००२ साली पहिल्या एक्सबॉक्ससाठी हा गेम आणला. दोन दांडे, तीन पेडल, डावीकडे गिअर. आधी हॅच, म्हणजे केबिनचं दार, बंद, मग पाच खटके एकेक करून वर, मग इंजिन. आग विझवायचं बटण वेगळं, वायपरचं वेगळं! हे सगळं हाताने केलं की आपण सोफ्यावर नसतो, त्या केबिनमध्ये असतो.

तुमचं यंत्र बहुधा वेगात झटकन वळवल्यामुळे पडलं. उसाने भरलेला ट्रॅक्टर वळणावर कसा घेतात, ते तुमच्या भागात रोज दिसतं. तसंच इथे. मधलं पेडल ब्रेकचं. आधी वेग उतरवा, मग वळा.

आणि झाकणाखालचं इजेक्ट बटण, म्हणजे पायलटला यंत्रातून बाहेर काढणारं, विसरू नका. यंत्र नष्ट होण्याआधी ते दाबलं नाही, तर पायलट मरतो आणि सेव्ह केलेला खेळही पुसला जातो. पहिल्यांदा ते झाकण उघडताना माझी बोटं थरथरत होती. अजून आठवतं.

पहिले दोन दिवस शत्रूच्या मागे लागू नका. नुसतं चालवा, थांबवा, वळवा. आणि मामेभावाला शेजारी बसवा, खटक्यांचा क्रम तो सांगेल.