गर्डलिंगनंतर वेल का सुकली? द्राक्षबागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मणी धरल्यावर थॉम्पसन जातीच्या द्राक्षबागेत खोडावर गर्डलिंग केलं. दोन-तीन दिवसांत काही वेलींचे शेंडे दुपारी माना टाकायला लागले. पाणी वाढवू का?

उत्तर : आधी घाव पाहा. गर्डलिंगमध्ये खोडाभोवतीचं फक्त सालीचं अरुंद कडं काढायचं असतं. सालीत रसवाहिन्या असतात, पानांत तयार झालेलं अन्न त्यांतून मुळांकडे उतरतं. ती वाट तोडली की अन्न वरच अडतं आणि मण्यांची फुगवण होते. पाणी मात्र सालीतून नव्हे, आतल्या लाकडातून चढतं. चाकू तिथवर गेला की वेल तहानते.

द्राक्षात हा धोका जास्त. वेलीला स्वतःचा भार पेलायचा नसतो, तो मांडव पेलतो. त्यामुळे बारीक खोडातही मोठाल्या जलवाहिन्या असतात. आडवा काप घेतला तर त्यांची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्यातही नवं, सालीला लागून असलेलं लाकूड सर्वात जास्त पाणी वाहतं. म्हणजे चाकू जरा खोल गेला की नेमकं तेच कापलं जातं.

आधी सुटी, मेलेली साल काढून घ्या. मग चाकू लाकूड लागेपर्यंतच दाबा. कडं ३ ते ५ मिलिमीटर रुंद पुरे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियमचा पातळ थर असतो, नवी साल आणि नवं लाकूड तोच तयार करतो. कड्याच्या काठांवरून तो वाढत येऊन काही आठवड्यांत घाव भरून काढतो. कडं जास्त रुंद झालं तर घाव उशिरा भरतो आणि तोवर मुळं उपाशी राहतात. म्हणूनच अशक्त, जास्त घड असलेल्या किंवा मुळं खराब झालेल्या वेलीला गर्डलिंग नको, शेजाऱ्याने केलं असलं तरी नको.

सुकणाऱ्या वेलींना पाण्याचा ताण पडू देऊ नका, पण चिखलही करू नका. त्यांचे काही घड लगेच कमी करा. जखमेवर लेप थापून लाकडाची तुटलेली वाट जुळत नाही.

प्रश्न : काडी (वेलीची यंदाची फूट) तपकिरी झाली म्हणजे पक्व झाली का?

उत्तर : निव्वळ रंगावर जाऊ नका. सालीच्या आत बुचाचा थर बनला की बाहेरचा हिरवा भाग तुटून वाळतो, तोच तपकिरी दिसतो. काडी आडवी कापून पाहा : गाभा लहान व तपकिरी, भोवतीचं लाकूड जाड आणि टणक असेल तर पक्व. गाभा रुंद, हिरवट, पोचट असेल तर नत्र आणि पाणी आवरा, शेंडे मारा, माती-पानदेठ तपासून पालाश द्या.

प्रश्न : जुन्या खोडाची साल सोलायची का?

उत्तर : सुटी साल जरूर काढा, तिच्याखाली मिलीबग (पिठ्या ढेकूण ही कीड) लपतो. ओली, हिरवट साल दिसली की थांबा, ती जिवंत आहे. काढलेली साल बागेबाहेर नेऊन जाळा.