ट्रॅक्टरची लिफ्ट खाली बसते? पंप बदलायची घाई नको

प्रश्न (चिकोडी तालुका) : ट्रॅक्टर पंचवीस वर्षांचा आहे. सकाळी पलटी नांगर नीट उचलतो. दुपारी ऑईल तापलं की उचललेला नांगर वरच्यावर हेलकावे खातो, इंजिन बंद केलं की पाच-दहा मिनिटांत जमिनीला टेकतो. मिस्त्री म्हणतो पंप गेला. बदलू का?

उत्तर : थांबा. इंजिन बंद म्हणजे पंपही बंद. तेव्हा नांगर पेलून धरतं ते लिफ्टच्या सिलिंडरात कोंडलेलं ऑईल, आणि तेच कुठूनतरी निसटतंय. हेलकावेही त्यामुळेच: नांगर जरा उतरला की कंट्रोल व्हॉल्व्ह सिलिंडरात ऑईल सोडून त्याला वर घेतो, तोवर पुन्हा गळती. तापलेलं ऑईल पातळ होतं, म्हणून सकाळी लपलेली गळती दुपारी उघडी पडते.

संशय घ्यायचा तो पिस्टनच्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर), सिलिंडरच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर आणि कंट्रोल व्हॉल्व्हवर. ओ-रिंग स्वस्त, पण कव्हर उतरवायची मजुरी जास्त. तेव्हा एकदा उघडलं की सिलिंडरवर चरे आहेत का तेही बघून घ्या. चरे असतील तर नवी रिंग टिकणार नाही. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या ट्रॅक्टरात कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्याच अंगात असतो, तिथं मिस्त्रीचं म्हणणं अर्धं खरं ठरू शकतं.

पण आधी डिपस्टिक काढून ऑईलची पातळी बघा. शेणखताला टिपिंग ट्रॉली जोडता ना? लिफ्ट गिअरबॉक्समधल्याच ऑईलवर चालते; ट्रॉलीच्या जॅकमध्ये ते गेलं की पातळी उतरते आणि बोल लिफ्टला लागतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्प्रिंगखाली वायसर घालून ‘प्रेशर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. गळती तशीच राहते, वर पाइप फुटायची भीती. आणि नांगर जमिनीवर टेकवल्याशिवाय कुणीही खाली शिरू नये.

प्रश्न (खानापूर तालुका) : पावसाळ्यानंतर ऑईल दुधासारखं झालंय, लिफ्ट चढताना पंप कुईंकुईं करतो.

उत्तर : पाणी शिरलंय, बहुधा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून. ट्रॅक्टर थोडा चालवून ऑईल कोमट असताना काढा, स्ट्रेनर (ऑईलची गाळणी) डिझेलनं धुवा. तो तुंबला की पंपाला ऑईल पुरत नाही, म्हणून तो आवाज. नवं ऑईल पुस्तिकेत दिलंय त्याच ग्रेडचं घ्या, पण ते रबर बदलल्यावरच ओता.