नेटवर्किंग लायब्ररीत एकाहून अधिक टीएलएस बॅकएंड ठेवावेत का?

टीएलएस म्हणजे नेटवर्कवरचा संवाद सुरक्षित ठेवणारा प्रोटोकॉल, आणि बॅकएंड म्हणजे ते काम प्रत्यक्ष करणारा तयार कोड. विंडोजवर तिचे स्वतःचे एसचॅनेल, लिनक्सवर ओपनएसएसएल आणि छोट्या बोर्डांवर एम्बेडटीएलएस असे तीन बॅकएंड सांभाळावेत, की सगळीकडे ओपनएसएसएलच सोबत द्यावे, असे आपण विचारले आहे. तीन ठेवा. सायफर, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धती, जवळजवळ तेच असतात. सर्व्हरची ओळख पटवणारे सर्टिफिकेट खरे की खोटे हे प्रत्येक बॅकएंड कसे ठरवतो, यात खरा फरक आहे.

घाटंजी तालुक्यातील एका खरेदी केंद्रावर वजनकाट्याचे आकडे सर्व्हरला पाठवणारी लायब्ररी मी लिहिली होती. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साखळीतील डीएसटी रूट सीए एक्स३ या जुन्या रूट सर्टिफिकेटची, म्हणजे साखळीचा विश्वास शेवटी ज्यावर टेकतो त्या सर्टिफिकेटची, मुदत संपली. दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या गाड्या रांगेत उभ्या असताना विंडोजच्या लॅपटॉपवरून पावत्या जात होत्या, काट्याजवळच्या लिनक्स बोर्डावरून मात्र एकही जात नव्हती. त्यावर ओपनएसएसएल १.०.२ होते. लेट्स एन्क्रिप्टचे नवे रूट आयएसआरजी रूट एक्स१ जवळ असूनही ती आवृत्ती सर्व्हरने पाठवलेल्या साखळीच्या मागे मागे जुन्या रूटपर्यंत जात असे आणि तेथेच अडत असे.

माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांनी फोनवरून सर्टिफिकेटची पडताळणीच बंद करण्यास सांगितले. कास्तकार खोळंबले आहेत, हे त्यांचे म्हणणे खरे होते. तरीही मी नकार दिला, हाताने पावत्या लिहिण्यास सांगून यवतमाळहून दुचाकीने केंद्र गाठले आणि दुपारपर्यंत जुने रूट काढून टाकले. काम अडवल्याचा ठपका माझ्यावर आला. तो मला आजही मान्य नाही. पडताळणी नसेल तर मधला कोणीही वजनाचा आकडा बदलू शकतो, आणि कास्तकाराच्या हाती पडणारे पैसे त्याच आकड्यावर ठरतात. म्हणून पडताळणी बंद करण्याचा पर्याय लायब्ररीत ठेवूच नका. रूट सर्टिफिकेट बाहेरून देण्याची सोय मात्र तिन्ही बॅकएंडसाठी सारखी ठेवा, कारण एम्बेडटीएलएसला सिस्टिमची रूट सर्टिफिकेटे आपोआप मिळत नाहीत.

तिन्ही बॅकएंड एकाच साच्यात बसवायचे, तर सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीचे टोक, बॅकएंडच्या हाती देऊ नका; ते लायब्ररीनेच सांभाळावे. एसचॅनेल केवळ बफर, म्हणजे मेमरीतील माहितीचे तुकडे, घेते आणि देते. ओपनएसएसएल मेमरी बायोने (सॉकेटऐवजी मेमरीतून वाचण्या-लिहिण्याची त्याची सोय) व एम्बेडटीएलएस कॉलबॅकने (माहिती पाठवण्या-घेण्यासाठी आपण दिलेली फंक्शने) त्याच साच्यात बसते.

आपली लायब्ररी फक्त डेस्कटॉप आणि सर्व्हरसाठी असेल, तर एकटे ओपनएसएसएलही पुरेल. मात्र सोबत दिलेल्या प्रतीचे सुरक्षा अपडेट मग आपल्यालाच पोचवावे लागतील. एसचॅनेल ठेवलेत, तर टीएलएस १.३ विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पासूनच मिळते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपसाठी १.२ चालू ठेवावे लागेल.