तीन जखमी, जागा एकच

प्रश्न : आमचा क्लब पुण्यात फुटबॉल लीग खेळतो. प्ले-ऑफला अडीच आठवडे आहेत आणि वीस जणांच्या यादीत एकच जागा उरली आहे. विंगरची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) पाच आठवड्यांपूर्वी दुखावली. आता दुखत नाही, रोज वेताळ टेकडी पळत चढतो. स्टॉपरचा (मधल्या बचावपटूचा) घोटा चार आठवड्यांपूर्वी मुरगळला. सराव झाला की संध्याकाळी अजून थोडी सूज येते. स्ट्रायकरच्या एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) शस्त्रक्रियेला सहा महिने झाले, तो ‘मी तयार आहे’ म्हणतो. कोणाला घ्यावं?
– क्लबचे व्यवस्थापक, कोथरूड

उत्तर : स्ट्रायकरला या मोसमात उतरवू नका. नऊ महिन्यांच्या आत सामना खेळणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. सरळ पळताना नव्या लिगामेंटचा कस लागत नाही. तो लागतो पाय रोवून अंग वळवताना. त्याची तळमळ समजते, पण इथे नाहीच म्हणायला हवं.

उरलेल्या दोघांत विंगर जास्त बरा दिसतो, तरी आमचा कौल स्टॉपरला. हॅमस्ट्रिंग बहुधा पूर्ण वेगात जाते, पुढे फेकलेला पाय जमिनीला टेकण्याच्या बेतात असताना, कारण तेव्हा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. चढावर पावलं आखूड पडतात, वेग येत नाही. त्यामुळे टेकडी चढताना दुखत नाही यावरून काहीच ठरत नाही. आणि विंगरचं कामच पूर्ण वेगात पळण्याचं!

तरी त्याला अजमावायचं असेल, तर सपाट मैदानावर पळवा. एक दिवसाआड वेग ७०, ८०, ९० टक्के असा वाढवत न्या. मग सरावाच्या शेवटी, पाय दमलेले असताना, ३० मीटरच्या सहा पूर्ण स्प्रिंट, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. दुसऱ्या दिवशी उताणं झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय झटक्यात वर उचलायला सांगा. चमक आली, किंवा नुसती भीती वाटून पाय अडखळला, तरी तो तयार नाही.

स्टॉपरच्या सुजेला एवढं घाबरू नका. ती सकाळपर्यंत उतरते का, आणि दर सरावागणिक वाढते का, हे पाहा. वाढत असेल तर सराव कमी करा. पोटरी दोन्ही बाजूंनी दाबल्यावर घोट्याच्या वर कळ येत असेल, तर मात्र ही साधी मुरगळ नसावी. आधी डॉक्टरांना दाखवा.

नसेल तर त्याला भिंतीसमोर उभा करा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते मोजायचं. दोन पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. एका पायावर सलग तीन उड्यांचं अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी हवं. शेवटी खरी परीक्षा : हेडरसाठी उडी, हवेत असताना सहकाऱ्याचा खांद्याला हलका धक्का आणि दुखऱ्या पायावर उतरणं. असं दहा वेळा. घोटा आत वळला किंवा तो आपसूक दुसऱ्याच पायावर उतरू लागला, तर जागा रिकामी ठेवलेली बरी. पार पडला, तर घोट्याला लेस बांधायचा ब्रेस (आधारपट्टा) द्या आणि तो घालूनच निदान चार सराव करू द्या; नाहीतर ऐन सामन्यात बूट चावतो.

प्रश्न : असा खेळाडू सुरुवातीपासून खेळवावा की शेवटी उतरवावा?

उत्तर : सुरुवातीपासून. वॉर्म-अप नीट होतो आणि बाहेर काढायची वेळ आधीच ठरवता येते. सत्तराव्या मिनिटाला उतरवला आणि तो कोसळला, तर एकाच जागेसाठी दोन बदल जातात. बदल संपले असतील तर दहाच जण उरतात. प्ले-ऑफ एक्स्ट्रा टाइममध्ये जाऊ शकतो, म्हणून एक बदल राखून ठेवा. दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन मात्र उतरवू नका, थांबायची खूण करणारी वेदनाच त्याने बंद होते.