भुतं कुठली, बोली कुठली?

प्रश्न : इंडोनेशियाचा 'ताकुत' (२००८) पाहिला. एकात सहा भयकथा! अशा चित्रपटात देशाचं वैविध्य खरंच उतरलंय का, हे कसं ओळखावं?

उत्तर : कथा सहा म्हणून प्रदेश सहा होत नाहीत, तिथला चित्रपटव्यवसाय जकार्तात एकवटलेला आहे. आधी भूत कुठलं ते बघा. पोचोंग म्हणजे कफनाच्या गाठी न सोडलेलं प्रेत, मुस्लिम दफनविधीतून आलेलं. बालीचा लेआक आणि बोर्निओ बेटावरच्या कालिमंतानची कुयांग दोघांचंही मुंडकं आतड्यांसकट उडतं, पण हिंदूबहुल बालीत उतारा बालियानकडे, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्य-मांत्रिकाकडे. तिथेही मौलवीच धावून आला, तर लेखकाने गृहपाठ केलेला नाही. मग संवाद ऐका. बालीच्या खेड्यातली आजी घरातही जकार्ताची बोली बोलत असेल, तर वैविध्य फक्त कपड्यांत! सबटायटल हा फरक पुसतात, म्हणून कान उघडे ठेवा.