सोले, सावजी आणि आजोबांची चप्पल

प्रिय मुक्ता,

सकाळी उठल्या उठल्या तुझा मेसेज वाचला. "बाबा, आजी म्हणते शाकाहारच सगळ्यात चांगला. आमच्या नेटबॉलच्या कोच म्हणतात, शाकाहारी मुली लवकर दमतात. खरं कोणाचं? आणि मराठी माणसं मुळात शाकाहारीच असतात का?" फोनवर दोन ओळींत उत्तर दिलं असतं, तर आजीची नाहीतर कोचची बाजू घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नाही. नागपुरात, धरमपेठेतल्या आपल्या घरात मांस-मच्छी शिजत नाही, एवढंच. तिथून महाल-इतवारीकडे गेलीस की सावजी भोजनालयांच्या पाट्या दिसतील. तो झणझणीत रस्सा हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आला आणि आज नागपूरची ओळख झाला. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर ढिवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आलेत. कोकणात माशाशिवाय अनेकांचं ताट पुरं होत नाही. ही सगळी तुझ्याइतकीच मराठी माणसं. आपल्या घरात शाकाहार आला तो आजीच्या माहेराकडून. तिचे वडील माळकरी; गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस सोडायचं, हा वारकऱ्यांचा नेम. त्यामागे मुक्या जिवांबद्दलची दया आहे आणि ती मला मनापासून पटते. पण आपण शाकाहारी म्हणजे कोणापेक्षा वरचे, हे मात्र कधी मनात आणू नकोस. सातवीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राच्या डब्यात एकदा सुक्कं मटण होतं. दोन-तीन मुलांनी बाक सरकवला, त्यांचं पाहून मीही सरकवला. त्याने काही न बोलता डब्याचं झाकण लावलं आणि मधली सुट्टी संपेपर्यंत तसाच बसून राहिला. ते झाकण मला अजून दिसतं.

आता तब्येतीचं. इथे मला तुझ्या आजोबांची गोष्ट सांगायला हवी, कारण तू तेव्हा तीन वर्षांची होतीस आणि घरात त्याबद्दल आता कोणी बोलत नाही.

आजोबा रोज पहाटे अंबाझरीला फिरायला जायचे. एक दिवस ते परत आले तेव्हा पायात एकच चप्पल होती. आजीने दारातच विचारलं, "बाप्पा, दुसरी कुठं गेली?" त्यांनी खाली पाहिलं आणि तेच चकित झाले. वाटेत कुठेतरी चप्पल निघून पडली होती, उजवा पाय डांबरावर, खड्यांवर टेकत ते घरापर्यंत आले होते आणि त्यांना समजलंच नव्हतं. तळपाय बधिर झाला होता. त्याआधी कित्येक महिने पायाला मुंग्या येत होत्या, जीभ लाल होऊन तिखट सोसत नव्हतं, ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी आठवत नव्हती. आम्ही सगळे म्हणत राहिलो, वय झालं. मीही इथून, मेलबर्नहून, फोनवर तेच म्हणालो. एका डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्यात फोलिक ॲसिड होतं. थकवा थोडा कमी झाला, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पाय मात्र आतून बिघडतच होते. चपलेच्या प्रकारानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व तपासलं. ते अगदी तळाला गेलं होतं; फोलिक ॲसिडने रक्त तेवढं सुधारलं आणि मज्जातंतूंचा बिघाड झाकला गेला. इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. चार-पाच महिन्यांत नावं आठवू लागली, मुंग्या थांबल्या. पण बोटांतला बधिरपणा राहिला तो राहिलाच. आजोबा अजून मागे पट्टा असलेली सँडल घालतात, ती तू पाहिली असशील. कारण हे आहे.

बी१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. धान्य, डाळ, भाजी, फळ यांच्यावर त्यासाठी विसंबता येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं फक्त २.४ मायक्रोग्रॅम, पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. यातच फसगत होते, कारण आज सोडलं आणि उद्या त्रास झाला असं होत नाही. आजोबांना साठीनंतर दूध पचेना, म्हणून ते बंद केलं होतं. वर वयाप्रमाणे अन्नातलं बी१२ शोषून घेण्याची पोटाची ताकदही कमी होते. दोन्ही एकदम घडलं. हे फक्त आपल्याच घरात झालं असंही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यात आणि आसपासच्या गावांत वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासांत बी१२ची कमतरता पदोपदी सापडली, आणि आईच्या पोटात असल्यापासूनच तिचा मुलांवर परिणाम होतो असंही त्यांना दिसलं. म्हणून आजी "आपलं जेवण सगळ्यात चांगलं" म्हणते तेव्हा मी मनात एवढं जोडतो: रक्त तपासलं असेल तर. दूध-दहीही न खाणारी तुझी व्हीगन मैत्रीण आहे ना, तिला सांग की बी१२ची गोळी तिला घ्यावीच लागेल, त्याला पर्याय नाही.

तुझ्या कोचचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागतं. भाजी-डाळीतलं लोह मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं, म्हणून शाकाहारी माणसाने ते जवळजवळ १.८ पट घ्यावं असं तज्ज्ञ सांगतात. त्यामुळे तू दमत असशील तर लोह तपासायलाच हवं. मात्र दमणाऱ्या मुली शाकाहारीच असतात असंही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली, आणि त्यात मांसाहारी घरांतल्याही आल्याच. गरिबी, पाळीतला रक्तस्राव, घरातल्या बाईने शेवटी उरलेलं खाणं, सगळंच त्याला कारण आहे.

यावर आजीच्या स्वयंपाकघरात चांगले उपाय आहेत, आणि ते तिला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाहीत. ती पोह्यांवर, वरणावर लिंबू पिळते. लिंबातलं आणि संत्र्यातलं क जीवनसत्त्व डाळ-भाजीतलं लोह शोषायला मदत करतं. डिसेंबरात नागपुरात आहेस, तर जेवणानंतर रोज एक संत्रं खा. मटकी भिजवून मोड आणले की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजली की थोडं लोह कढईतूनही उतरतं. अंबाडीची भाजी तिला त्याच कढईत करायला सांग. एक गोष्ट मात्र आजीची चुकते: जेवण झाल्या झाल्या चहा. चहातलं टॅनिन लोह अडवतं. तिला तासभर थांबायला लाव, माझं ती ऐकत नाही.

तू पाठवलेल्या फोटोत तुम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलताय. ते हिरवे दाणे म्हणजे सोले. आजी ते लसूण-मिरची आणि सांबार घालून जाडसर वाटते आणि आमटी करते. (तिथे सांबार म्हणजे कोथिंबीर, विसरू नकोस, नाहीतर भाजीवाला हसेल.) सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वाटीभर दही, कच्चा कांदा: या ताटात काय कमी आहे? ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी, ते तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. जवसात ओमेगा-३ हे उपयोगी स्निग्धाम्ल आहे, मात्र माशातल्यासारखं नव्हे; शरीराला ते बदलून घ्यावं लागतं आणि त्यातलं थोडंच बदलतं. दह्यातून बी१२. हे ताट मला शाकाहाराचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतं.

पण मुक्ता, आपण रोज हे खातो का? मेलबर्नमध्ये आपण काय खातो ते आठव. पांढरा भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी, ब्रेड, बिस्किटं. तेही शाकाहारीच. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पाच ग्रॅम प्रथिनं असतात आणि तुला दिवसाला चाळीस-पंचेचाळीस हवीत. नागपुरातही तेच झालंय. विदर्भात शेतंच्या शेतं सोयाबीन पिकतं आणि बहुतेक सगळं तेलाच्या गिरणीत जातं, घरातल्या ताटात क्वचित येतं. एकादशीला साबुदाणा; तो निव्वळ पिष्ट, त्यातला दाण्याचा कूट तेवढा कामाचा. "एकादशी अन् दुप्पट खाशी" आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आपल्या नात्यात मधुमेह असलेले जितके काका-मामा आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात अंडंही खाल्लेलं नाही.

आणि वनस्पतीतून आलं म्हणजे निर्धोक, असंही नसतं. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळी पिकते. दुष्काळात दुसरं काही न मिळाल्याने जी माणसं महिनोन्‌महिने मुख्यतः ही डाळ खात, त्यांचे पाय कायमचे आखडत. तिच्यातलं विष मज्जातंतूंवर चालतं. १९६१मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे विष कमी असलेले वाण निघाले. इतर धान्यांबरोबर थोडी खाऊन काही होत नाही, असं तिकडचे लोक सांगतात. बाधली ती एकाच अन्नावर दिवस काढण्याची वेळ.

फायद्यांचं मोजमापही झालेलं आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ४८ हजारांवर माणसांना सुमारे १८ वर्षं पाहिलं. २०१९मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: दहा वर्षांत दर हजार माणसांमागे शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे दहा रुग्ण कमी, आणि पक्षाघाताचे तीन जास्त. दोन्ही आकडे एकत्र वाच, लोक आपल्याला हवा तेवढाच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये सॉसेज, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. त्यामुळे तुझ्या शाळेच्या कॅन्टीनमधलं हॉटडॉग आणि ढिवराच्या घरचा ताजा मासा, दोन्हीला "नॉनव्हेज" म्हणून एका रांगेत बसवणं मला पटत नाही.

तू विचारलं नाहीस, पण ते प्रश्नामागे दिसलं: तुला अंडी किंवा चिकन खाऊन पाहायचं आहे का? तू सोळा वर्षांची आहेस. मी रोखणार नाही, आणि तुझ्यावर नाराजही होणार नाही. आजीच्या स्वयंपाकघरात तिचा नेम पाळ, ते तिचं घर आहे. मी स्वतः शाकाहारीच राहणार, दर वर्षी बी१२ तपासून.

पुढच्या आठवड्यात आजोबा त्यांच्या तपासणीला जातील, त्यांच्याबरोबर जा. बी१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो), तिन्ही तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव, मग ठरवू. येताना आजीकडून जवसाची चटणी आण. मेलबर्नच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू जाहीर करायच्या कार्डावर ती लिहायची, काढून घेतली तरी चालेल. आजीला माझा नमस्कार सांग, आणि चहाचं विसरू नकोस.

तुझा,
बाबा